शोकेसमधली २० वर्षं जुनी शॅम्पेन : खजिना की नुसती जड बाटली?

बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत काचेच्या शोकेसमध्ये, ट्रॉफी आणि लग्नाच्या फोटोशेजारी, जाड काचेची एक हिरवी बाटली उभी असते. कुणाच्या भावाने बोटीवर नोकरीला असताना आणलेली, कुणाला एमआयडीसीतल्या कंपनीच्या परदेशी पाहुण्याने दिलेली. मानेला सोनेरी कागद आणि लेबलवर एखादं साल. दांडी, उच्छेळी, नवापूरसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या गावात तर खाऱ्या हवेने त्या कागदाखालची तारही गंजून जाते. पण बाटली कुणी उघडत नाही. कारण एकच, ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’.

हे वाक्य सिनेमात, मीम्समध्ये, वाढदिवसाच्या शुभेच्छांत सगळीकडे असतं. आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. जगात बनणारी बरीचशी वाइन विकत घेतल्यावर एक-दोन वर्षांत प्यायची असते. बुडबुडेवाली, म्हणजे स्पार्कलिंग वाइन तर आणखीच. तरीही काही मोजक्या बाटल्या २०-३० वर्षांनी खरोखर अप्रतिम होतात. मग आपल्या हातातली बाटली त्या मोजक्यांपैकी आहे की नाही, आणि उघडल्यावर ती पिकली आहे की मेली आहे, हे कसं ओळखायचं?

हे बुडबुडे येतात कुठून?

पालघर-डहाणूकडच्या माणसाला हे समजवायला ताडीपेक्षा सोपं उदाहरण नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढेपर्यंत हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने साखर खायला सुरुवात केलेली असते. फेस येतो, जिभेला चुरचुर लागते. संध्याकाळपर्यंत तोच रस आंबटढाण. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. ताडीत हा वायू मडक्याच्या तोंडातून निघून जातो.

शॅम्पेन बनवणारे हाच वायू बाटलीत कोंडतात. आधी साधी, आंबटसर पांढरी वाइन तयार करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून तोंड बंद करतात. आत दुसऱ्यांदा आंबवण होतं, पण वायूला बाहेर जायला जागा नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. बाटलीची काच इतकी जाड आणि बूच तारेने आवळलेलं का असतं, ते यावरून कळेल.

काम संपलं की यीस्ट मरतं आणि तळाला गाळ होऊन बसतं. या गाळावर बाटली महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहते. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि वाइनला ताज्या पावाचा, बेकरीचा वास देतात. शेवटी बाटली उलटी करून गाळ मानेत आणतात, तो बाहेर काढतात, चवीपुरती साखर मिसळलेली वाइन घालतात आणि खरं बूच बसवतात. या गाळ काढण्याला डिसगॉर्जमेंट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्या बुडबुडेवाल्या वाइन अशा बनत नाहीत. इटलीची प्रोसेको मोठ्या बंद टाकीत आंबवतात, तर अगदी स्वस्त प्रकारांत सोड्यासारखा वायू सोडतात. या दोन्ही प्रकारांना जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. शोकेसमधली बाटली प्रोसेको असेल, तर हा लेख इथेच थांबवून ती पुढच्या रविवारी उघडा, फार अपेक्षा न ठेवता.

लेबलवरचं साल काय सांगतं?

व्हिंटेज म्हणजे ‘जुनी’ नव्हे. व्हिंटेज म्हणजे लेबलवर लिहिलेल्या एकाच वर्षी तोडलेल्या द्राक्षांची वाइन. शॅम्पेन प्रांतात, आणि शॅम्पेन हे नाव फक्त तिथल्याच वाइनला लावता येतं, बहुतेक बाटल्यांवर साल नसतंच. तीन-चार वर्षांची वाइन एकत्र करून दरवर्षी तीच चव आणली जाते. अशी बाटली नियमानुसार किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते. वर्ष चांगलं गेलं, तर काही उत्पादक फक्त त्याच वर्षाची वेगळी वाइन काढतात. ती किमान ३ वर्षं ठेवावी लागते आणि चांगले उत्पादक त्याहून बरीच जास्त ठेवतात.

थोडक्यात, लेबलवर साल नसेल तर ती बाटली दुकानातून आली तेव्हाच प्यायला तयार होती. एअरपोर्टच्या ड्यूटी फ्रीमधून येणाऱ्या बहुतेक बाटल्या याच गटातल्या असतात.

आता महाराष्ट्राचं बघू. इथे शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन बनवायचा पहिला मोठा प्रयत्न झाला १९८०च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. श्याम चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या नावाजलेल्या शॅम्पेन घराण्याची तांत्रिक मदत घेतली आणि ‘ओमर खय्याम’ नावाची वाइन बाजारात आणली. नारायणगावची ही बाटली थेट युरोपात विकली गेली, त्या काळात ही मोठी बातमी होती. पुढे २००८ नंतरच्या मंदीत आणि कर्जात कंपनी बुडाली. आज नाशिकला सुला, यॉर्क यांच्या स्पार्कलिंग वाइन बनतात, आणि २०१३ पासून शॅम्पेनमधल्या मोएट घराण्याशी नातं सांगणारी शाँदोंही दिंडोरीत आहे.

मग नाशिकची बाटली २० वर्षं ठेवायची का? माझं मत, नाही. वाइनला म्हातारपणी उभं ठेवतो तो आंबटपणा, आणि आंबटपणा टिकतो थंड हवेत. शॅम्पेन हा फ्रान्सच्या उत्तरेकडचा गार प्रांत आहे, तिथे द्राक्ष कसंबसं पिकतं. नाशिकला ऊन भरपूर असतं. साखर पटापट चढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून आपल्याकडे स्पार्कलिंगची द्राक्षं लवकर, जरा कच्ची असतानाच तोडतात. त्यातून ताजीतवानी, लिंबू-पेरूच्या अंगाची वाइन होते, आणि ती तशीच ताजी प्यायला हवी. पालघर जिल्ह्यातच बोर्डीला चिकूची वाइन बनते, तिचंही तेच. यात कमीपणा कसला? हापूसला कुणी मुरवत ठेवत नाही.

बाटली किती वर्षं होती, यापेक्षा कुठे होती?

२०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ, पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे ५० मीटर खोल, साधारण १७० वर्षं पाण्याखाली. त्यात आजही चालू असलेल्या व्हव क्लिको या घराण्याच्या बाटल्या होत्या. काहींत समुद्राचं पाणी शिरलं होतं, पण काही चक्क पिण्यासारख्या निघाल्या. २०११च्या लिलावात त्यातली एक बाटली ३० हजार युरोला गेली.

शास्त्रज्ञांनी या वाइनचं पृथक्करण करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर सापडली. आजच्या ‘ब्रुट’ बाटलीत ती १२ ग्रॅमपेक्षा कमी असते, म्हणजे त्या काळची शॅम्पेन जवळजवळ सरबत होती. पण आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. चाखणाऱ्यांना पहिल्या वासात ओलं जनावर आणि चीज आठवलं. ग्लासात थोडी हवा लागल्यावर मात्र तीच वाइन बदलली. भाजल्याचा, धुराचा, मसाल्याचा, चामड्याचा वास आला आणि त्यामागून फळाफुलांचा.

१७० वर्षं ती जगली कशी? तिथलं पाणी वर्षभर २ ते ४ अंश, उजेड नाही, हालचाल नाही. हे वाचून दांडीच्या खाडीत बाटली बुडवायचा विचार मनात आला असेल तर थांबा. आपला समुद्र कोमट आहे. आणि आपलं शोकेस तर त्याहून वाईट. मे महिन्यात ३५ अंश, पावसाळ्यात दमट, वरून ट्यूबलाइट. जपून ठेवायच्या वाइनला १० ते १२ अंशांची स्थिर, अंधारी जागा लागते. उष्णता वाढली की वाइनमधल्या सगळ्या रासायनिक क्रिया धावायला लागतात, आणि तळघरात १५ वर्षांत होणारं म्हातारपण कपाटात दोन-तीन उन्हाळ्यांत येतं. ते नुसतं लवकर येत नाही, बिघडलेलंही येतं. उजेडाचं नुकसान वेगळं. पारदर्शक काचेतली शॅम्पेन उजेडात राहिली की तिला उकडलेल्या कोबीसारखा वास लागतो.

इथे मघाचा डिसगॉर्जमेंट हा शब्द परत येतो. जुन्या स्पार्कलिंगचं वय दोन तुकड्यांत मोजायचं, गाळावरची वर्षं आणि बुचाखालची वर्षं. गाळ वाइनमधला प्राणवायू शोषून घेतो, म्हणून गाळावर २० वर्षं राहिलेली वाइन आश्चर्य वाटावं इतकी तरुण निघते. बूच बसलं की थोडी थोडी हवा आत जाते, वायू बाहेर निसटतो आणि खरं म्हातारपण सुरू होतं. बोलँजे या घराण्याने हीच गोष्ट विकायला काढली. १९५२ सालची वाइन त्यांनी गाळावरच ठेवली आणि १९६०च्या दशकात, नुकताच गाळ काढलेली म्हणून बाजारात आणली. आज बरेच उत्पादक मागच्या लेबलवर डिसगॉर्जमेंटची तारीख छापतात. जुनी बाटली बघताना पुढच्या सालाइतकीच ती तारीख बघा. दोन्ही तारखांतलं अंतर मोठं असेल, तर आशा आहे.

उघडण्याआधी

सातपाटीच्या बाजारात पापलेट घेणारी बाई आधी डोळा बघते, कल्ला उघडते, बोटाने दाबते, मग वास घेते. चव शेवटी, घरी. वाइन चाखणारेही असंच करतात, फक्त त्यांचे शब्द फ्रेंच असतात.

बाटली उभी करून उजेडासमोर धरा. वाइनची पातळी मानेत बरीच खाली गेली असेल, तर बूच सैल पडलंय आणि आत हवा गेली आहे. बुचाखालून चिकट ओघळ आलेला असेल तर तेच. काच हिरवी असली तरी रंगाचा अंदाज येतो. सोनेरी चालेल, गडद सोनेरीही चालेल, पण चहासारखा तपकिरी असेल तर फार आशा धरू नका. तारेवरचा गंज मात्र एकट्याने काही सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर तो सहा महिन्यांतही चढतो.

मग बाटली फ्रिजमध्ये एक-दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे काही गाळ असलाच तर खाली बसेल. प्यायच्या आधी १५-२० मिनिटं बाहेर काढा. तरुण स्पार्कलिंग अगदी गार छान लागते, पण जुनीला १०-१२ अंश हवेत. फार गार वाइनचे वास उघडत नाहीत, आणि जुन्या वाइनमध्ये वासच तर सगळं असतं.

तार सोडताना अंगठा बुचावर ठेवा आणि तोंड माणसांपासून व ट्यूबलाइटपासून दूर. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. क्रिकेटच्या मैदानावरचा फवारा इथे नको. २५ वर्षांची बाटली बहुधा फट् करणार नाही, नुसता सुस्कारा टाकेल. बाहेर आलेलं बूचही बघा. तरुण बाटलीचं बूच खाली घाघऱ्यासारखं फुलतं, जुन्याचं आकसून खुंटीसारखं सरळ राहतं. लेबलवर जुनं साल आणि बूच मात्र टवटवीत फुललेलं असेल, तर एक तर गाळ अलीकडे काढला आहे, नाहीतर शंका घ्यायला जागा आहे.

बुडबुडे कमी दिसले म्हणजे वाइन गेली?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. वायू हळूहळू बुचातून निसटतोच, त्यामुळे जुन्या वाइनमध्ये बुडबुडे कमी, बारीक आणि संथ असणारच. शिवाय ग्लासात दिसणारे बुडबुडे बऱ्याच अंशी ग्लासवर अवलंबून असतात. रांस विद्यापीठातले शास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. बुडबुडा जन्मतो तो ग्लासाला चिकटलेल्या कापडाच्या किंवा धुळीच्या सूक्ष्म तंतूंवर. फडक्याने पुसलेल्या ग्लासात बुडबुड्यांची माळ उठते, एकदम स्वच्छ ग्लासात तीच वाइन शांत दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. घोट घेऊन जिभेवर बघा. तिथे मऊसर, साखरी चुरचुर जाणवली तर वाइन जिवंत आहे.

आणि चुरचुर अजिबात नसली तरी? तरीही निकाल लागत नाही. बुडबुडे गेलेली, पण आतून शाबूत असलेली जुनी शॅम्पेन ही एक उत्तम पांढरी वाइन असू शकते. मला तर तशी मृत म्हणवत नाही.

ग्लास मात्र बदला. लग्नातले ते उंच, चिंचोळे ग्लास फोटोसाठी ठीक आहेत. त्यात नाकच जात नाही. पोट मोठं आणि तोंड जरा आत वळलेला साधा वाइन ग्लास घ्या, आणि तो एक तृतीयांशच भरा.

नाक काय सांगतं?

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. मग थोडा फिरवून पुन्हा. इंग्रजी पुस्तकं ब्रिओश, हेझलनट वगैरे शब्द देतात, पण आपल्या ओळखीच्या वासांनीही काम होतं. चांगल्या पिकलेल्या स्पार्कलिंगमध्ये इराण्याकडच्या भाजलेल्या ब्रून पावाचा, लोण्याचा, भाजलेल्या काजूचा, मधाचा, सुकवलेल्या जर्दाळूचा, कधी कॉफीचा, कधी आळंब्यांचा वास येतो. पाव भाजताना साखर आणि प्रथिनांच्या घटकांमध्ये जी क्रिया होते, तिच्याच जातीची क्रिया गार बाटलीत कित्येक वर्षं अतिशय मंद चालते. या सगळ्यामागे लिंबाच्या सालीसारखं काहीतरी ताजं अजून जाणवत असेल, तर तुमच्या हातात खरोखर चांगली बाटली आहे.

बिघाडाचे वास वेगळे असतात. ओल्या पोत्याचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे दोष बुचाचा. तो हवा लागून जात नाही, उलट वाढतो, आणि त्याचा बाटलीच्या वयाशी संबंध नसतो. कापून ठेवलेलं, काळं पडलेलं सफरचंद आणि खवट अक्रोड म्हणजे हवा शिरली. नाकात झणकारणारा व्हिनेगरचा वास आला, तर पुढे जाऊ नका. पण काडेपेटीचा, गंधकाचा किंवा बंद खोलीचा वास आला तर घाई नको. बाल्टिकच्या बाटल्यांसारखं तो कधीकधी १०-१५ मिनिटांत उडून जातो. पहिल्या मिनिटाला दिलेला निकाल जुन्या वाइनवर अन्याय करतो.

एक अवघड जागा इथे आहेच. थोडासा अक्रोड, थोडंसं सफरचंद हे पिकलेल्या वाइनचं सौंदर्यही असतं. रेषा कुठे ओढायची यावर जाणकारांतही भांडणं होतात. माझी कसोटी साधी आहे. तो वास इतरांच्या सोबत आहे की त्याने बाकी सगळे वास गिळून टाकलेत? एकच वास उरला असेल तर वाइन संपली.

तोंडात काय शोधायचं?

लहान घोट, तोंडभर फिरवा. पहिल्यांदा आंबटपणा शोधा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे. तो नसेल तर मध आणि काजूचे कितीही वास असोत, वाइन चपटी, गोळीच्या सरबतासारखी लागते. मग गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजा, अगदी मनात आकडे म्हणत. तीन-चार सेकंदांत सगळं गायब झालं तर साधी वाइन. दहाच्या पुढे गेली आणि वाटेत चव बदलत राहिली, तर उत्पादकाने ती उगाच ठेवलेली नव्हती. मागे फक्त कडवटपणा उरत असेल, तर ती आपली वेळ ओलांडून गेली आहे.

वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्था शेवटी चारच गोष्टी विचारायला शिकवतात. समतोल आहे का, चव किती लांबते, किती ठसठशीत आहे आणि तिच्यात किती पदर आहेत. जुन्या स्पार्कलिंगला मी पाचवी विचारेन. अर्ध्या तासाने दुसऱ्या ग्लासात ती वर गेली की खाली? मरायला टेकलेली बाटली पहिली पाच मिनिटं छान बोलते आणि मग कोसळते. चांगली बाटली उघडत जाते.

घरात शंभर लोकांनी विचारलेला प्रश्न म्हणजे ‘पोटाला काही होणार नाही ना?’ सीलबंद बाटलीतली खरी वाइन जुनी झाली म्हणून विषारी होत नाही. अल्कोहोल आणि आंबटपणा असताना घातक जंतू तिथे तग धरत नाहीत. ती बेचव होते, एवढंच. सील फुटलेली किंवा कुठून आली ते माहीत नसलेली बाटली मात्र पिऊ नका.

दुसरा प्रश्न, विकली तर किती येतील? लिलावात भाव मिळतो तो तळघरातून तळघरात गेलेल्या, कागदपत्रं असलेल्या बाटलीला. शोकेसमध्ये २० उन्हाळे काढलेल्या बाटलीला नाही. शिवाय महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे, ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकून ‘ऑफर सांगा’ म्हणणंही त्यातच येऊ शकतं. वाइन पिण्याचं कायदेशीर वय इथे २१ आहे.

उघडलेली जुनी बाटली त्याच संध्याकाळी संपवावी. तरुण स्पार्कलिंग दाबाच्या झाकणाखाली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते, जुनीला तेवढा दम नसतो. आणि बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवला की बुडबुडे टिकतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा प्रयोग बऱ्याच जणांनी करून बघितला आहे, चमच्याने काहीही होत नाही.